चंचीतला कॅमेरा

कुठलीही वस्तू हातात आली की अक्का ती आधी वाजवायच्या. मधल्या बोटाचं पेर वाकवून दोनदा टकटक, मग कान जवळ नेऊन क्षणभर गप्प. माठ, नारळ, पितळी तांब्या यांचं एक वेळ ठीक आहे, ते सगळेच वाजवून घेतात. अक्का दाराची फळी वाजवायच्या, साबणाची वडी वाजवायच्या, आणि मी लग्न होऊन त्या गल्लीत राहायला गेले तेव्हा त्यांनी माझी पाठसुद्धा वाजवून पाहिली होती. आवाज पसंत पडला तर त्या "चलो ऐती" म्हणायच्या, म्हणजे कानडीत, छान आहे. नाही पडला तर एकच शब्द, "डबडं." या दोन शेऱ्यांच्या मधलं काही त्यांच्याकडे नव्हतं. माझ्या पाठीला कोणता शेरा मिळाला ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

ही सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात बाळीवेशीजवळच्या एका गल्लीत आम्ही भाड्याने राहत होतो आणि मी जवळच्याच शाळेत शिकवत होते. अक्का आमच्या समोर. लिंगायत घर, माहेर अक्कलकोटच्या पलीकडचं. मराठी बोलता बोलता कानडीत कधी शिरायच्या ते त्यांनाही कळत नसे. बुटक्या, रुंद, कपाळाला विभूतीचे पट्टे आणि त्याखाली रुपयाएवढं कुंकू. तुमच्याही गल्लीत अशी एखादी बाई असेल, जिला विचारल्याशिवाय कुणी पापड घालत नाही आणि जिला न विचारता घातले तर ते बिघडतात. आमच्याकडे ते खातं अक्कांचं होतं.

त्यांच्या कमरेला कायम चंची असायची. हल्लीच्या मुलींना चंची दाखवायला गेलं तर कुठे मिळायची नाही. कापडाची, घड्या घातलेली, कप्प्याकप्प्यांची पानाची पिशवी. एका कप्प्यात विड्याची पानं, एकात सुपारी, एकात अडकित्ता, चुन्याची डबी, आणि उरलेल्या जागेत सगळा संसार: किल्ल्या, कापूर, सुई-दोरा, कुणाच्या तरी बाळाची गुटी. अक्का दोनच गोष्टींवर विश्वास ठेवायच्या, आपल्या कानावर आणि आपल्या चंचीवर. चंचीत जे मावत नाही ते फार गरजेचं नसतं, असं त्यांचं स्वच्छ मत होतं.

त्यांचे यजमान म्हणजे अप्पा. मार्केटात त्यांचं ज्वारीचं आडत दुकान होतं. उंच, किडकिडीत, अबोल माणूस. पोत्याच्या तोंडाशी नेहमी चांगलीच ज्वारी असते म्हणून ते कोपरापर्यंत हात आत घालून तळातली मूठ वर काढायचे, ती उजेडात धरायचे आणि मगच बोलायचे. तसं न करता त्यांनी कधी एक पोतं घेतलं नाही, असं मार्केटातले लोक सांगत. म्हणजे नवरा-बायको दोघांचाही वस्तूवर सहजासहजी विश्वास बसत नसे. बायको वाजवून बघायची, नवरा हात घालून बघायचा. एवढ्या तपासणीतून त्यांची एकुलती एक मुलगी मात्र कुणालाही न विचारता निसटली.

महानंदा तिचं नाव. कॉलेजात असताना तिचं एका मुलाशी जमलं. मुलगा शहराच्या पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातला, तेलुगू बोलणारा, डॉक्टरकीचा अभ्यास करणारा. मुलात नाव ठेवण्यासारखं काही नव्हतं. जात तेवढी वेगळी होती आणि अप्पांना तेवढं पुरलं. लग्न झालं, दोघं विलायतेला गेली. अप्पांनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी फक्त तिचं नाव घेणं बंद केलं. तिकडून लग्नाच्या फोटोंचं पाकीट आलं ते त्यांनी न फोडता पोस्टमनच्या हातात परत दिलं. हे मी आमच्या दारातून पाहिलं. अक्का तेव्हा उंबऱ्यात उभ्या होत्या आणि दाराची चौकट उगीचच वाजवत होत्या.

मग एका उन्हाळ्यात महानंदाला पाचवा महिना असल्याचं कळलं. अक्कांनी ते अप्पांना जेवायला वाढताना सांगितलं. कसं सांगितलं ते त्यांनीच मला नंतर भांडी घासत ऐकवलं. त्या म्हणाल्या होत्या, पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पोरीला इकडे येता येत नाही, तर माहेर तिकडे जाईल. जावयाने तिकीट पाठवलंय, मी निघाले. अप्पांनी भाकरीचा तुकडा मोडला, चावला, गिळला आणि म्हणाले, "ताक वाढ."

"मंजी परवानगी मिळाली की," अक्का म्हणाल्या. "नको म्हनायचं असतं तर उठून गेले असते. ताक मागितलं."

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर अक्का आमच्या पायरीवर बसलेल्या. मला म्हणाल्या, तुझा फोटूचा डबा आण बघू. लग्नात माझ्या भावाने मला एक डबा कॅमेरा दिला होता. त्या भांडवलावर गल्लीत मला फोटोग्राफीतलं सगळं कळतं असा समज होता आणि मीही तो खोडून काढला नव्हता. अक्कांनी कॅमेरा वाजवला. मग चंचीशी धरून पाहिला. तो चंचीपेक्षा मोठा निघाला.

"डबडं," त्या म्हणाल्या. "ह्याच्याहून बारका पाहिजे. चंचीत बसंल असा."

मी म्हटलं, अक्का, कॅमेरा कशाला हवा? जावयाकडे असेलच की चांगला, तिकडचा. तर त्यांनी आधी सुपारी कातरून घेतली. मग जे सांगितलं ते इतकं रोखठोक होतं की माझ्या अजून लक्षात आहे.

"त्याच्या कॅमेऱ्यातला फोटू आमचे हे हातात बी धरनार न्हाईत. पाकीट कसं परत गेलं, बघितलीस न्हवं तू? फोटू आपल्या घरच्या कॅमेऱ्यातला पाहिजे, मी काढलेला पाहिजे. मग न बघून जातील कुटं? नातवंडाचं तोंड एकदा बघू दे, बाई. पुडचं मी बघते."

तर असा हा कॅमेरा घ्यायचा होता. तुम्ही-आम्ही परदेशी जाताना कॅमेरा घेतो तो पूल, इमारती आणि बर्फासमोर उभं राहून हसायला. अक्कांना त्यातलं काही नको होतं. त्यांना एका तान्ह्या बाळाचं तोंड विलायतेतून बाळीवेशीत आणायचं होतं, आणि ते चंचीतून.

शनिवारी शाळा सकाळची असे. दुपारी आम्ही दोघी नव्या पेठेत गेलो. तिथल्या स्टुडिओवाल्याने आमच्यासमोर तीन-चार कॅमेरे मांडले. अक्कांनी ओळीने सगळे वाजवले. स्टुडिओवाला घाबरून म्हणाला, मावशी, नाजूक वस्तू आहे. अक्का म्हणाल्या, नाजूक असेल तर मग काय उपयोगाची, विमानातून जायचंय तिला. शेवटी त्यांनी चंची सोडून काउंटरवर ठेवली आणि एकेक कॅमेरा तिच्यात घालून पाहिला. एकही बसेना. मागे दोन गिऱ्हाइकं उभी होती, त्यांना वाटलं पानसुपारीचं काही चाललंय.

स्टुडिओवाल्यानेच मग सांगितलं की मधल्या गल्लीत एक घड्याळं दुरुस्त करणारे चाचा आहेत, त्यांच्याकडे कधीमधी बाहेरच्या देशातल्या वस्तू येतात. चाचांचं दुकान म्हणजे एक कपाट आणि एक स्टूल. त्यांनी डोळ्याचं भिंग वर सरकवून अक्कांचं म्हणणं ऐकलं, चंचीकडे पाहिलं आणि कपाटातून फडक्यात गुंडाळलेला एक कॅमेरा काढला. जपानी, काळा-रुपेरी, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा.

"छोटा है अम्मा, लेकिन काम का है," ते म्हणाले.

अक्कांनी वाजवला. आवाज भरीव आला, पण चेहऱ्यावर अजून काही उमटेना. चाचा जाणता माणूस. त्यांनी कॅमेरा अक्कांच्या कानाशी नेला आणि बटण दाबलं. कट्. अक्कांचे डोळे लकाकले. पुन्हा दाबायला लावलं. कट्. अडकित्त्यात कोवळी सुपारी तुटावी तसा तो आवाज होता. त्यांनी चंचीत सुपारीचा कप्पा रिकामा केला, कॅमेरा आत सरकवला, दोरी आवळली आणि कमरेवर थापटून म्हणाल्या, "चलो ऐती." घासाघीस पुढे बराच वेळ चालली, पण कॅमेरा तोवर चंचीत जाऊन बसला होता, त्यामुळे चाचांना फार काही करता आलं नाही.

शिकवायचं काम माझ्याकडे आलं. शाळेत मी साठ मुलींना एका वेळी गप्प बसवत असे, पण अक्कांपुढे माझं काही चालत नसे. सुदैवाने त्या कॅमेऱ्यावर अंतर ठरवायला आकड्यांऐवजी चित्रं होती. एक डोकं, तीन माणसं आणि डोंगर. एक डोकं म्हणजे जवळचा माणूस. तीन माणसं म्हणजे थोडं लांब उभं असलेलं कुटुंब. डोंगर म्हणजे फार लांबचं सगळं. अक्कांना हे एकदम पटलं. "आपल्याला डोंगर लागत न्हाय," म्हणून त्यांनी काटा एका डोक्यावर आणून ठेवला.

मी आणखी तीन गोष्टी त्यांच्याकडून घोकून घेतल्या. उजेड पाठीशी घ्यायचा. दाबताना हात हलवायचा नाही. आणि पुढच्या भिंगाला कधीही बोट लावायचं नाही. ही तिसरी गोष्ट मी फार वेळा सांगितली. अक्कांच्या बोटांना चुना आणि कात कायमचा लागलेला असायचा, म्हणून मला तीच धास्ती होती.

सराव त्यांनी रिकाम्या कॅमेऱ्यावर केला. रोल फुकट घालवणं त्यांना मान्य नव्हतं. आणि सरावाला माणूस एकच होता. अप्पा संध्याकाळी बाहेरच्या सोप्यात बसून पेपर वाचायचे. अक्का समोर येऊन उभ्या राहायच्या, एक डोळा मिटायच्या, कट्. पहिले काही दिवस अप्पा पेपर तोंडासमोर धरायचे. मग मान फिरवायचे. मग त्यांना कंटाळा आला आणि ते तसेच बसून राहायला लागले. जायच्या आधी दोन-चार दिवस मी तिथेच बसले होते. अक्का म्हणाल्या, "हलू नका, रिकामाच हाय." अप्पांनी मान वर केली आणि सरळ कॅमेऱ्याकडे पाहिलं. कट्.

त्या दिवशी आत रोल होता. माझ्याकडूनच त्यांनी तो दुपारी भरून घेतला होता. नव्या पेठेतून छापून आणला तर इतका लख्ख फोटो, की अप्पांच्या चष्म्याच्या काडीला बांधलेला दोरासुद्धा दिसत होता. थकलेला, जरा रागीट आणि कुणाची तरी वाट बघत असल्यासारखा माणूस. अक्कांनी तो फोटो चंचीत विड्याच्या पानांच्या कप्प्यात ठेवला. "पोरीनं बाप किती दिवस बघितला न्हाय," एवढंच म्हणाल्या.

सामानात शेंगांची चटणी होती, कडक भाकऱ्यांची चळत होती, डिंकाचे लाडू होते आणि एरंडेलाच्या दिव्यावर स्वतः धरलेल्या काजळाची एक डबी होती. मी ती डबी पाहिली होती. त्यात लक्ष ठेवण्यासारखं काही असेल असं तेव्हा कुणाला वाटणार? गाडीत बसवायला अख्खी गल्ली स्टेशनवर आली. मुंबईपर्यंत त्यांचा भाचा सोबत होता. अप्पा आले नाहीत. पण गाडी सुटल्यावर बाहेर आलो तर रिक्षांच्या पलीकडे एका झाडाखाली ते उभे होते. आम्ही त्यांना पाहिलं नाही असं दाखवलं.

मुलगी झाली. तार आली ती अप्पांनी घेतली, वाचली आणि आमच्याकडे आणून दिली, जणू ती चुकून त्यांच्या पत्त्यावर आली होती. ते सगळे महिने अप्पा हाताने करून खात होते. भाजी आम्ही द्यायचो. एकदाही त्यांनी काही विचारलं नाही.

दिवाळीच्या तोंडावर अक्का परत आल्या. जाड झाल्या होत्या, मोजे घातले होते आणि विलायतेबद्दल त्यांचं मत एका वाक्याचं होतं, तिथला नारळ आतून वाळलेला असतो. चंचीतून त्यांनी तीन रोल काढून माझ्या हातात दिले. तिकडे धुऊन घ्यायला जावई तयार होता, पण अक्का कसल्या ऐकतात. घरचा कॅमेरा, घरचे फोटो, धुणंही घरचंच. मी त्याच दिवशी ते नव्या पेठेत टाकले.

फोटो आणायला गेले तेव्हा स्टुडिओवाला माझ्याकडे बघेना. त्याने पाकीट पुढे सरकवलं. मी एक फोटो काढला, मग दुसरा, मग सगळे. प्रत्येक फोटोवर पांढुरकं धुकं. मध्ये एक गोल उजळ काहीतरी, त्यात डोळे असावेत असे दोन ठिपके, आणि कडेला दुपट्याची घडी. काही फोटोंत तेवढंही नाही. तीन रोल, आणि त्यात एक चेहरा नाही. स्टुडिओवाला हळूच म्हणाला, तिकडे धुकं फार असतं म्हणे. मला पटलं नाही, पण गल्लीला पटलं. विलायतेत धुकं खिडकीतून थेट पाळण्यापर्यंत येतं, हे ज्ञान आमच्या गल्लीत अजूनही काही जणींकडे आहे.

मी कॅमेरा मागून घेतला आणि पुढची झाकणी काढली. भिंगाच्या बरोबर मध्ये काळा, तेलकट ठिपका. कडेपर्यंत पसरलेला.

"अक्का, हे काय?"

"तीट," त्या म्हणाल्या. जणू मीच वेड्यासारखं विचारत होते.

तान्ह्या बाळाला दृष्ट लागू नये म्हणून आपण गालावर काजळाची तीट लावतो. अक्कांनी ती तिथेही लावली. पण घरी येणारी गोरी नर्स ती रोज पुसून टाकायची आणि महानंदाला इंग्रजीत बोलायची. लेकीची पंचाईत होऊ नये म्हणून अक्कांनी गालाचा नाद सोडला. आता बाळाकडे टक लावून बघणार कोण? कॅमेरा. त्याचा डोळा एकच, पापणी न हलवणारा. मग त्यांनी त्या डोळ्यालाच तीट लावली. दर फोटोच्या आधी, न चुकता, ताजी. बघायची खिडकी वेगळी आणि भिंग वेगळं, त्यामुळे त्यांना खिडकीतून बाळ शेवटपर्यंत लख्ख दिसत राहिलं.

"मी सांगितलं होतं ना, भिंगाला बोट लावायचं नाही?"

"बोट कुटं लावलं?" अक्का म्हणाल्या. "काडीनं लावलं."

मला हसू फुटलं आणि त्याच क्षणी मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी एक फोटो हातात धरला होता. तो तिरका करून पाहिला, उजेडात धरला, पदराने पुसला. मग त्या जमिनीवर बसल्या आणि रडल्या. मोठ्याने नाही. मी त्यांना त्याआधी कधी रडताना पाहिलं नव्हतं. एवढ्या लांब जाऊन, एवढं सांभाळून आणलेलं तोंड त्यांनी आपल्याच काडीने झाकलं होतं.  मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.

संध्याकाळी त्यांनी डोळे धुतले आणि त्यातल्या त्यात बरे चार-पाच फोटो सोप्यातल्या फळीवर, अप्पांच्या पेपरशेजारी ठेवले.  फोटो तिथे पडून राहिले. अप्पा पेपर उचलायचे, फोटो तसेच. आठवडाभर मी येता-जाता बघत होते. एकदा वाटलं, फोटोंची जागा थोडी बदललीय. मग वाटलं, झाडताना सरकले असतील.

आणि एका रविवारी सकाळी अप्पांनी मला हाक मारली. ते दारात उन्हात उभे होते. हातात फोटो. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत होते.

"बाई, ह्यात नाक कुटं हाय?"

मी बोट ठेवलं. अंदाजानेच ठेवलं, खोटं कशाला बोलू? त्यांनी डोळे बारीक केले. म्हणाले, ही सावली आहे. अक्का आतून म्हणाल्या, नाक सासूबाईंचं आहे, तसंच सरळ. अप्पा म्हणाले, ह्यात नाकच दिसत नाही तर सरळ कुठून दिसलं? अक्का म्हणाल्या, मी समोर बघितलंय. अप्पा म्हणाले, तू बघितलंस, मी नाही. मग त्यांनी दुसरा फोटो घेतला, तिसरा घेतला. माझ्या घरून भूगोलाच्या नकाशांसाठी ठेवलेलं भिंग मागवलं. त्या दिवसापासून रोज सकाळी हेच. नाक, कपाळ, जिवणी. आत्याचं की आईचं. नवरा-बायकोत इतकं बोलणं मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. महानंदाचं नाव मात्र अजून कुणी घेत नव्हतं.

दिवाळी झाली. एका सकाळी मी शाळेला निघाले होते. अप्पांनी सगळे फोटो गोळा केले, पत्त्यांसारखे जुळवले आणि अक्कांच्या हातात दिले.

"ह्यातलं काय बी खरं न्हाय," ते म्हणाले. "हात घालून बघितल्याबिगर मी कुटला माल ठरवत न्हाय. महानंदाला म्हनावं, पोरीला घेऊन ये."

आणि पायात वहाणा सरकवून ते मार्केटला गेले.  अक्कांनी हातातले फोटो कानाशी नेऊन वाजवले.

संक्रांतीला, गड्ड्याच्या जत्रेला महानंदा आली. जावईही आला. सिद्धेश्वराच्या जत्रेने सगळं सोलापूर रस्त्यावर होतं आणि आमची गल्ली मात्र अप्पांच्या दाराशी. अप्पा दुकानात होते. ते नेहमीच्या वेळेला घरी आले, पाय धुतले आणि सोप्यात बसले. पोर चादरीवर उताणी पडून स्वतःच्या पायाचा अंगठा ओढत होती. अप्पांनी चष्मा पुसला. तिला मांडीवर घेतलं आणि तर्जनी कपाळापासून नाकाच्या शेंड्यापर्यंत हलकेच ओढली. 

"आमच्या आईचंच हाय," ते म्हणाले.

मग महानंदाकडे बघून म्हणाले, "वाळलीस." जावई दाराशी अवघडून उभा होता. त्याला म्हणाले, "बसा की. उभं का?" एवढंच. एवढ्यासाठी किती वर्षं गेली होती. महानंदा तोंडात पदर कोंबून रडत होती आणि अक्का स्वयंपाकघरात ओवाळायचा नारळ वाजवत होत्या. एकच नारळ, बराच वेळ.

त्या मुक्कामात अक्कांनी पुष्कळ फोटो काढले. भिंग मी स्वतः पुसून दिलं आणि तीट गालावर लागली, ती पुसायला कुणी नव्हतं. सगळे फोटो लख्ख आले. अप्पांनी ते एकदा बघितले, छान आहेत म्हणाले आणि फळीवर ठेवले. दुकानात गादीसमोरच्या काचेखाली मात्र त्यांनी धुक्यातलाच एक लावला होता.

पुढे अक्कांनी गल्लीत सांगायला सुरुवात केली की तीट त्यांनी मुद्दाम लावली होती. "साफ फोटू आला असता तर एकदा बघून फळीवर ठेवला असता यांनी. माणूस वळकला पायजे की." बायका माना डोलवायच्या. मी त्यांना जमिनीवर बसून रडताना पाहिलं होतं, पण मी काही बोलले नाही. आणि बोलले असते तरी अक्कांनी माझी पाठ वाजवून मला डबड्यात काढलं असतं.

तीन-चार वर्षांनी त्या गेल्या. फार झोपूनही राहिल्या नाहीत. सकाळी बाजारातून माठ वाजवून आणला, त्यात पाणी भरलं आणि दुपारी छातीत कळ आली. महानंदा विलायतेहून पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं.

दहाव्याच्या आसपास भिंतीवर लावायला फोटो शोधायला लागलो तेव्हा ध्यानात आलं की अक्कांचा फोटोच नाही. गल्लीतल्या प्रत्येकाचा होता. बारशाचे, मुंजीचे, शेळीचासुद्धा एक होता. कॅमेरा कायम त्यांच्या हातात, मग त्यांचा कोण काढणार? महानंदाने तीन जुन्या रोलमधले फोटो पुन्हा चाळले. त्यात एक निघाला. तिकडे एकदाच आईच्या हातून कॅमेरा घेऊन तिनं तो काढला होता. खिडकीशी बाळाला घेऊन उभी असलेली कुणी एक रुंद बाई. कपाळावर कुंकवाचा असावा असा डाग, कमरेशी चंचीचा असावा असा फुगवटा. बाकी धुकं.

स्टुडिओवाला म्हणाला, हा भिंतीवर लावण्यासारखा नाही. चित्रकाराकडून रंग भरून घेऊ, नाक-डोळे काढून घेऊ. अप्पांनी नको म्हटलं. मोठा करून, चौकट करून तोच लावला.

एकदा सकाळी मी त्यांना भाजी द्यायला गेले. अप्पा फोटोसमोर उभे होते. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला, पुढे वाकले. मी म्हटलं, अप्पा, अजूनही सांगते, जरा साफ करून घेऊ या का? चेहरा तरी दिसेल.

"नको," ते म्हणाले. "साफ असता तर एकदा बघून झाला असता. ह्याला रोज बघावं लागतंय."

मग त्यांनी मधल्या बोटाचं पेर वाकवलं, चौकटीच्या काचेवर दोनदा टकटक केलं आणि कान जवळ नेला.